झोळी घरी ठेवून जा

पुण्याच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, मिशन ट्रिप हा शब्द आता अंगवळणी पडला आहे. दिवाळीची सुट्टी, नाहीतर परीक्षा संपल्यानंतरचा मे महिना. उपासना संपता संपता सूचना होतात, तरुण संघाची मुलंमुली पुढे येतात, वडीलधारे त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि एक गट आठ-दहा दिवसांसाठी देशाबाहेर निघतो. बहुतेक वेळा नेपाळला, कारण व्हिसा लागत नाही आणि पुण्याहून गोरखपूरपर्यंत थेट गाडी आहे. परत आल्यावर पडद्यावर फोटो दाखवले जातात, साक्षी होतात. किती घरांना भेटी दिल्या, किती ब्लँकेटं वाटली, किती जणांनी ख्रिस्ताला स्वीकारण्याचा ‘निर्णय घेतला’, हे आकडे वाचले जातात आणि मंडळी टाळ्या वाजवते.

माझं म्हणणं असं की या प्रवासाला आपण सेवा म्हणणं थांबवावं. आपण तिथे पाहुणे असतो, तर पाहुण्यासारखं जावं. यजमान बोलावतील तेव्हा जावं, ते म्हणतील तितकीच माणसं न्यावीत, आणि देण्याची घाई सोडून शिकायची तयारी ठेवावी. ज्यांना हे कमीपणाचं वाटतं त्यांनी लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय पुन्हा काढून बघावा. प्रभूने सत्तर जणांना दोघादोघांनी गावोगाव पाठवलं. जाताना बजावलं की पिशवी नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरी उतराल तिथेच राहा, घरं बदलत फिरू नका, पुढ्यात वाढतील ते खा. थोड्या दिवसांसाठीच पाठवलं होतं त्यांना. आजारी माणसांना बरं करण्याचं सामर्थ्य दिलं होतं, पण सामान दिलं नव्हतं. रात्रीच्या भाकरीसाठी त्यांना परक्या माणसाच्या दारात उभं राहावं लागणार होतं, आणि ते तसं राहावं हीच पाठवणाऱ्याची इच्छा होती. आपण मात्र सीटखाली मावणार नाहीत एवढी खोकी घेऊन निघतो.

पुण्याच्या ख्रिस्ती माणसाला ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळायला हवी, कारण आपण पिढ्यान्‌पिढ्या समोरच्या बाजूला बसलेलो आहोत. माझ्या तरुणपणी हिवाळा आला की परदेशी गट येत. भाषांतराला मी उभी राहत असे, म्हणून जवळून बघितलं आहे. पाळकसाहेब महिनाभर आधीपासून हातातली सगळी कामं बाजूला ठेवत. कॅम्पात राहायची सोय, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या, बिनतिखटाचा स्वयंपाक, वस्तीतली मुलं गोळा करून रांगेत बसवणं. आजारी माणसांच्या भेटी, घरातल्या प्रार्थना, सगळं पुढे ढकललं जाई. पाहुणे मनाने चांगले होते, रडत निरोप घेत, यात मला तिळमात्र शंका नाही. पण पुढे कधीतरी त्यांच्याकडचं छापील पत्रक यायचं, त्यात आपल्याच वस्तीचा फोटो असायचा, आणि खालच्या मजकुरातली ती अंधारात बुडालेली, आशा हरवलेली गल्ली आपल्यापैकी कुणालाच ओळखू यायची नाही. त्या गल्लीत शिक्षक होते, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार होते, नर्सबाई होत्या. आता तेच पत्रक आपण नेपाळबद्दल काढतो. फक्त ते व्हॉट्सॲपवर येतं.

मराठी मुलखात ज्या परदेशी मिशनऱ्यांचं नाव टिकलं ते राहायला आलेले होते. थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांचं ओवीबद्ध मराठी पुराण छापून निघालं ते १६१६ साली, म्हणजे ३७ वर्षांनी. मधली वर्षं ते इथली बोली कानात साठवत होते. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत आले आणि १८२६ साली नाशिकच्या बाजूला प्रवासात कॉलऱ्याने गेले. मिरजेचे डॉक्टर वानलेस १८८९ साली आले आणि १९२८ पर्यंत राहिले. वानलेसवाडी हे नाव आजही सांगली-मिरजेच्या माणसाच्या तोंडात आहे. हे लोक देवदूत नव्हते. साहेबी तोरा होता, मिशन कंपाउंडची भिंत होती, पगारी मराठी उपदेशकाला दुय्यम वागणूक होती, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ते सगळं सोसलं. तरी इथल्या उन्हात त्यांची पोरं वारली, इथेच त्यांनी ती पुरली, आणि चूक केली तर त्या चुकीचे परिणाम भोगायला ते दुसऱ्या दिवशीही त्याच गावात होते. आठ दिवसांत परतणाऱ्या माणसाकडे हीच एक गोष्ट नसते. त्याची चूक निस्तरायला दुसरंच कुणीतरी मागे उरतं.

नेपाळच्या बाबतीत हे ‘मागे उरणं’ फार खरं आहे. २०१५ च्या नेपाळी संविधानाच्या कलम २६ ने दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई केली आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या तिथल्या मुलुकी अपराध संहितेच्या कलम १५८ नुसार धर्मांतर घडवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर त्याला देशाबाहेर काढतात. कायदा न्याय्य आहे की नाही यावर वाद घालता येईल, मला तो अन्यायाचाच वाटतो. पण तो वाद अंगावर घेण्याचा हक्क तिथल्या मंडळीचा आहे. आपला गट बाजाराच्या चौकात गाणी म्हणतो, पत्रकं वाटतो, ब्लँकेट देताना प्रार्थना म्हणून घेतो आणि गोरखपूरला येऊन परतीची गाडी पकडतो. चौकातले शेजारी मात्र दुसऱ्या दिवशी जातात ते त्या गावातल्या पाळकाकडे. २०१५ च्या भूकंपानंतर मदतीच्या आडून धर्मप्रसार होतो असा आरोप नेपाळमध्ये उघडपणे झाला होता. महाराष्ट्रात आपल्यावर ‘आमिष दाखवता’ असा आरोप झाला की आपण किती कळवळतो! मग दुसऱ्या देशातल्या भावंडांवर तोच आरोप येईल असं वागताना आपला हात कसा आखडत नाही?

शिवाय ज्या मंडळीला आपण मदत करायला जातो ती आपल्यापेक्षा दुबळी आहे, हे आपल्याला सांगितलं कुणी? १९५४ साली युनायटेड मिशन टू नेपाळ या संस्थेला परवानगी मिळाली ती दवाखाने, शाळा, विकासाची कामं यांसाठी, धर्मप्रसार न करण्याच्या अटीवर. परदेशी मिशनरी चर्च चालवणार नाहीत असंच ठरलं. त्यामुळे नेपाळची मंडळी पहिल्यापासून नेपाळी माणसांच्या हातात वाढली. नेपाळी बायबल त्याआधीच, १९१४ साली, दार्जिलिंगच्या गंगाप्रसाद प्रधान यांच्या कष्टांतून आलं होतं. १९६१ च्या जनगणनेत सगळ्या देशात ४५८ ख्रिस्ती नोंदले गेले; २०२१ च्या जनगणनेत पाच लाखांच्या वर. या वाढीत तुरुंगवास आहे, गावाने वाळीत टाकणं आहे. आपल्याकडे कितीतरी चर्चमध्ये मागचे बाक रिकामे राहतात, जुन्या जागांच्या मालकीवरून कोर्टकचेऱ्या चालतात. कुणी कुणाला उपदेश करायला जायचं, हे एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही.

धादिंग जिल्ह्यातल्या एका डोंगरगावात मी पुण्याच्या गटाबरोबर राहिले आहे. तामांग लोकांची वस्ती, दगडी घरं, भूकंपात पडल्यावर पुन्हा उभं केलेलं पत्र्याचं चर्च. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारी. २५ एप्रिल २०१५ ला दुपारी बाराच्या सुमारास जमीन हलली तो शनिवारच होता, आणि देशभर कितीतरी मंडळ्या तेव्हा उपासनेत बसलेल्या होत्या. लोक चपला बाहेर काढून आत येतात, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, गुंद्रीवर, म्हणजे गवताच्या चटईवर, मांडी घालून. भेटलं की हात जोडून ‘जयमसीह’. आमच्या मुलांनी बाहुल्यांचा खेळ बसवला होता, हातवाऱ्यांची गाणी होती. मराठी डोक्यातलं हिंदीत, हिंदीतलं नेपाळीत, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्यांसाठी कुणीतरी हळू आवाजात तामांगमध्ये. उपासना दुपार कलेपर्यंत लांबली. गवताचे भारे आणायला जायची वेळ टळत चाललेल्या बायका दाराकडे बघत होत्या, पण एकही उठली नाही.

संध्याकाळी मी चुलीपाशी जाऊन बसले. आम्हाला दोन्ही वेळा भात, डाळ, रायोची भाजी आणि कोंबडीचा रस्सा वाढला जात होता. आमची पंगत उठल्यावर घरातल्या बाया जेवायला बसल्या तेव्हा त्यांच्या ताटात ढिंडो होता, म्हणजे मक्याचं पीठ पाण्यात घट्ट घोटून केलेला गोळा, आणि सोबत गुंद्रुकचं आंबट पातळ कालवण. तिथल्या उतारावर मका आणि कोदो, म्हणजे नाचणी, पिकते. तांदूळ खालच्या बाजारातून विकत आणून पाठीवरच्या ‘डोको’ नावाच्या टोपलीत वर चढवावा लागतो. मी विचारलं तर घरची बाई तुटक हिंदीत म्हणाली, “दिदी, पाहुण्यांना ढिंडो कसा वाढायचा?” आणि माझ्याही पुढ्यात भातच सरकवला. आम्ही वाटलेल्या ब्लँकेटांचा हिशेब पुण्याच्या अहवालात आला. त्या तांदळाचा आणि त्या कोंबड्यांचा आला नाही. त्या घराने आम्हाला जे दिलं त्याची बरोबरी आमच्या खोक्यांना येत नव्हती, आणि तरी फोटोत देणारे आम्ही होतो, घेणारे ते.

खर्चाचा हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडून झालेला आहे. १९९८ साली मिच चक्रीवादळाने होंडुरासमध्ये हजारो घरं पाडली. अमेरिकेतून चर्चचे गट घरं बांधायला गेले. तिथेच राहून काम करणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी पुढे दोन्ही बाजूंच्या लोकांना गाठून अभ्यास केला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. स्थानिक संस्था जे घर सुमारे दोन हजार डॉलरमध्ये बांधत होती, त्यासाठी येणारा एकेक गट विमानभाड्यासकट सरासरी तीस हजार डॉलर खर्च करत होता. ज्यांना परदेशी गटाने घर बांधून दिलं आणि ज्यांना गावच्या गवंड्याने बांधून दिलं, त्यांच्या आयुष्यात काही फरक पडलेला दिसला नाही. आणि जाऊन आलेल्यांच्या प्रार्थनेत, दानात, राहणीत टिकून राहणारा बदलही फारच थोडा होता. हा शेवटचा निष्कर्ष मला सगळ्यात झोंबतो. कारण ‘तिथल्यांना उपयोग होवो न होवो, आपली मुलं तरी बदलून येतात’ हा आपला शेवटचा बचाव असतो.

मुलं बदलत नाहीत असं मी म्हणत नाही. आमच्या गटातली एक मुलगी परत आल्यावर नर्सिंगला गेली, आणि त्या डोंगरावरच्या आरोग्यकेंद्राच्या बंद दारापुढे तिने ते ठरवलं असं तिनेच मला सांगितलं. देशोदेशीच्या कितीतरी दीर्घकाळ राबणाऱ्या सेवकांची पहिली पायरी अशीच एखादी छोटी सहल असते. पण ते आपलं शिक्षण झालं. शिक्षणाचा खर्च शिक्षणाच्या खात्यात लिहावा, आणि ज्यांच्या घरात राहून शिकलो त्यांना गुरूचा मान द्यावा. दान म्हणून अर्पणाची थैली फिरवून तो खर्च गोळा करू नये.

अनाथाश्रमांच्या भेटी तर ताबडतोब बंद व्हायला हव्यात. काठमांडूच्या आसपास अशा संस्था पुष्कळ आहेत आणि तिथे राहणाऱ्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील, निदान एक जण, हयात असतो. हे युनिसेफने वारंवार सांगितलं आहे. शिक्षणाच्या वचनावर डोंगरातल्या घरांतून मुलं खाली आणली जातात, कारण मुलं दिसली की पाहुणे येतात आणि पाहुण्यांबरोबर पैसा येतो. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या व्यवहाराची दखल घेतली. दोन दिवस एखाद्या पाच वर्षांच्या पोराला मांडीवर घ्यायचं, त्याला ‘ताई’, ‘दादा’ म्हणायला शिकवायचं आणि तिसऱ्या दिवशी निघून जायचं. पुढच्या महिन्यात दुसरा गट. आपल्या संडे स्कूलच्या मुलांना आपण असं कुणाच्या हाती देऊ का? त्यांचे फोटो अनोळखी माणसांना काढू देऊ का?

मग शिकायला जायचं म्हणजे काय? डॉक्टरांचंच उदाहरण घेते, कारण नेत्रशिबिराची कल्पना आपल्याकडे फार आवडीची आहे. काठमांडूची तिलगंगा ही डोळ्यांची संस्था १९९४ पासून चालते. तिथे बनणाऱ्या स्वस्त लेन्स कितीतरी देशांत जातात, आणि डॉक्टर सांडुक रुइत यांची मोतीबिंदू शस्त्रक्रियेची पद्धत शिकायला बाहेरचे सर्जन तिथे येतात. रुइत यांना २००६ साली मॅगसेसे पुरस्कार आणि २०१८ साली आपल्याच सरकारची पद्मश्री मिळाली. पुण्याच्या ख्रिस्ती डॉक्टरांनी नेपाळला जरूर जावं, पण आधी तिलगंगेत विद्यार्थी म्हणून बसावं आणि ते सांगतील त्या शिबिरात हाताखाली उभं राहावं.

आणि आपल्याच गावची एक बाई या बाबतीत आपल्याला वाट दाखवून गेली आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली पुण्याहून इंग्लंडला गेल्या, १८८६ ला अमेरिकेत. तिथे त्यांनी भाषणं दिली, इथल्या विधवांसाठी पैसा उभा केला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यांनी तिथल्या शाळा बघितल्या, बालवाडीचं शिक्षण स्वतः घेतलं, तिथल्या बायकांच्या संघटना कशा चालतात ते समजून घेतलं, आणि परत आल्यावर १८८९ साली अमेरिकेच्या लोकजीवनावर मराठीत सविस्तर पुस्तक लिहिलं. ज्यांच्या घरी राहिल्या त्यांच्याकडे डोळे उघडे ठेवून बघितलं, आवडलं त्याचं कौतुक केलं, काळ्या माणसांना मिळणारी वागणूक दिसली तीही लिहिली. पुढे केडगावला त्यांनी जे मुक्ती मिशन उभं केलं त्यात त्या शिकण्याचा वाटा होता. आपल्या गटांपैकी एकाने तरी परत येऊन तामांग मंडळीच्या गाण्यांवर, त्यांच्या उपासना चालवण्याच्या रीतीवर चार पानं लिहिली आहेत का?

तयारी इथेच पुण्यात सुरू करता येते. नेपाळी देवनागरीत लिहिली जाते. आपल्या मुलांना ती पहिल्या दिवसापासून वाचता येईल. बाणेर-बालेवाडीच्या सोसायट्यांत रात्रपाळीला बसणारे, हॉटेलांच्या भटारखान्यात राबणारे नेपाळी पुण्यात पुष्कळ आहेत, आणि नेपाळी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या उपासनाही इथे होतात. ज्याला नेपाळला जायचं आहे त्याने सहा महिने तिथे जाऊन मागच्या रांगेत बसावं. बोलायला शिकावं, त्यांच्या खोलीवर जेवावं, कुणाचं आधारकार्ड अडलं असेल, कुणाच्या पोराला शाळेत प्रवेश मिळत नसेल तर बरोबर जावं. सहा महिन्यांनंतरही जावंसं वाटलं तर त्या जाण्याला अर्थ आहे. आणि त्यांच्यापैकीच कुणी गावी निघाला असेल तर त्याच्या सोबतीने, त्याच्या घरी दोघांनी जावं. सत्तरांनाही दोघादोघांनीच पाठवलं होतं.

उलट दिशेचाही प्रवास व्हायला हवा. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाला इथे यायला व्हिसा लागत नाही. वीस जणांच्या भाड्यात दोन-चार नेपाळी पाळकांना महिनाभर पुण्यात सहज बोलावता येईल. त्यांनी आपल्या घरी राहावं, आपल्या उपासनेत उपदेश करावा, आपल्या मंडळ्यांमध्ये त्यांना काय दिसलं ते पुलपिटवरून सांगावं. १९१० साली एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया हे तरुण भारतीय पाळक गोऱ्या मिशनऱ्यांसमोर उभे राहिले. तुम्ही गरिबांना अन्न दिलंत, स्वतःचे देह झिजवलेत, आम्हाला प्रेमही हवं आहे, आम्हाला मित्र द्या, असं त्यांनी भर सभेत मागितलं. तेव्हा मागणारे आपण होतो. आज नेपाळी पाळकासमोर त्या गोऱ्या श्रोत्यांच्या खुर्चीत आपण बसलो आहोत, आणि त्याला बोलण्याची संधीसुद्धा आपण अजून दिलेली नाही.

येत्या वार्षिक सभेत पंचांनी आणि तरुण संघाने एवढं करावं. तारखा ठरवण्याआधी, टी-शर्ट छापायला टाकण्याआधी, यजमान मंडळीला पत्र लिहावं. आम्ही यावं का? किती जणांनी? कशासाठी? की हेच पैसे तुम्हाला दुसऱ्या कामासाठी हवे आहेत? आणि उत्तर येईपर्यंत काही ठरवू नये. ‘येऊ नका, छपराला पत्रे हवे आहेत’ असं उत्तर आलं तर पत्र्यांचे पैसे पाठवावेत, तेवढ्याच आनंदाने, आणि त्यांच्याकडून फोटो मागू नयेत. उत्तर असंही येईल की गट नको, पण शाळेत गणित शिकवायला एक जण दोन वर्षांसाठी द्या. हिंजवडीतली नोकरी सोडून, आईवडिलांची नाराजी पत्करून, ढिंडो खाऊन राहील असा एक मुलगा किंवा मुलगी आपल्या मंडळीतून उभी राहील का, आणि राहिली तर तिच्या दोन वर्षांच्या खर्चाचा भार आपण घेऊ का, यावर सभेत बोलणं व्हावं. माझ्या घरातही हे बोलणं सुरू झालं आहे आणि ते सोपं नाही.